कारणाचा रकाना

वडगाव कोल्हाटी, वाळूज
रविवार, १० ऑगस्ट २०२५

चि. मोनिका,

अनेक आशीर्वाद. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे पत्र. हैदराबादचा पत्ता तुझ्या आईने दिला. आधी नाही म्हणाली. मग डब्यात भाजी भरता भरता पाठ फिरवून सांगितला, म्हणजे मी लिहून घेतोय की नाही हे तिला बघायला लागू नये. मी लिहून घेतला, पिनकोडसकट.

फ्रिजवरची लाल स्लिप अजून तिथेच आहे, हे आधी कळवतो. तू परीक्षेनंतर घर सोडताना ती लावून गेलीस, त्याला सव्वादोन वर्षं झाली. तारीख, वेळ आणि मिनिटं तुझ्या अक्षरात आहेत: २५ फेब्रुवारी २०२३, सायंकाळी ७.४०, बंद ११ मिनिटं. पुढचे दोन रकाने कोरे, कारण आणि सही. पप्पा हे दोन रकाने भरतील तेव्हाच बोलेन, असं तू आईला सांगून गेलीस. आई फ्रिज पुसताना स्लिप काढते आणि पुन्हा त्याच जागी लावते.

तुला पाठ आहे, तरी सांगतो, कारण मला सांगायला आवडतं. आमच्या लाईन चारवर दर अडतीस सेकंदांनी मोटारसायकलचा एक ब्रेक तयार होऊन पुढे सरकतो. वर बोर्ड. एका बाजूला किती व्हायला हवे होते, दुसऱ्या बाजूला किती झाले. जुळलं तर हिरवं, मागे पडलो तर लाल. कुणाचा हात भाजू दे नाहीतर कुणाला जांभई येऊ दे, पहिला आकडा वाढायचा थांबत नाही. अशात कुणी दोरी ओढून लाईन थांबवली, तर त्याने लाल स्लिप भरायची. मूळ प्रत ज्याचं काम अडलं त्याला, कार्बन प्रत थांबवणाऱ्याकडे. आणि कारणाच्या रकान्यात सबब चालत नाही.

हीच पद्धत मी घरात आणली तेव्हा तू दुसरीत होतीस. अभ्यास राहिला, भर स्लिप. दूध उतू गेलं, भर स्लिप. तुझी आई म्हणायची, हे घर आहे का कंपनी. पण तू मात्र मन लावून भरायचीस. एकदा पाढे राहिले तेव्हा तू लिहिलं होतंस, "कारण: कंटाळा आला होता." ती स्लिप मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवली. म्हटलं, बघा, सात वर्षांच्या पोरीला कळतं, तुम्ही मात्र सारखं लिहिता की मशीन गरम झालं. ती अजून माझ्या कपाटात आहे.

तर आता माझं कारण. तुझं बारावीचं वर्ष होतं. डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा तोंडावर आली होती. क्लासवाले दर रविवारी भिंतीवर रँक लावायचे आणि तू साठावरून नव्वदावर घसरली होतीस. मी कामावरून आलो तर तू कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर तुझा तो पाच विरुद्ध पाचचा खेळ खेळत बसलेली. मी मेन स्विच ओढला. ती राज्याची स्पर्धा आहे, चार गावांतल्या चार पोरी तुझ्यावर अवलंबून आहेत, हे मला नंतर कळलं. आबांनी काठी टेकत जाऊन स्विच पुन्हा वर केला तोवर अकरा मिनिटं गेली होती आणि तुमची टीम बाद झाली होती. आबा एवढंच म्हणाले, "अरे सुदर्शन, चढावर कुणी जू सोडतं का?"

बापाला मुलीच्या भविष्याची काळजी वाटली, हे कारण पुरेसं आहे असं मला वाटतं. तू हो म्हणालीस की स्लिपवर लिहून सही करतो.

बाकी ठीक. मधले तीन महिने सोडले तर अकरा वर्षं मी लाईन चारचा लीडर आहे, आणि दहा जानेवारीपासून आज दोनशे बारा दिवस आमची लाईन एकदाही थांबलेली नाही. तीनशे पासष्ट झाले की गेटवर पितळेची पाटी लागणार, त्यावर अकरा जणांची नावं आणि वर माझा फोटो. आजवर एकाही लाईनला जमलेलं नाही.

तुझे पप्पा


वडगाव कोल्हाटी
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

चि. मोनिका,

पत्र मिळाल्याचं तुझ्याच तोंडून कळलं. म्हणजे तू आईशी फोनवर बोलत होतीस आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. आईने स्पीकर चालू ठेवला होता. तिला तो बंद करता येत नाही असं ती म्हणते. तू म्हणालीस, "आई, नीट मे महिन्यात होती. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळचं ते कारण कसं होईल? त्यांना सांग, ही सबब आहे."

चार दिवस मी रागात होतो. बापाला सबब शिकवते म्हणजे काय. पाचव्या दिवशी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. म्हटलं, बघू तरी, या पोरखेळात एवढं काय आहे की ज्यासाठी पोरगी घर सोडून जाते. सोमनाथ, आमच्या लाईनवरचा, तू त्याला ओळखतेस, तो रविवारी येऊन खेळ चालू करून देऊन गेला.

खोटं सांगत नाही, पहिल्या दिवशी मी सोळा वेळा मेलो. पाच जणांनी मिळून किल्ला राखायचा, पाच जणांनी तो घ्यायचा. मी दोन्हीकडून निरुपयोगी. माझ्या टीममधला एकजण आपल्याच शहरातल्या छावणी भागातला निघाला, बोलण्यावरून कळलं. तो कानात ओरडला, "चाचा, तुम कुछ नक्को करो. बस दरवाजे पे खड़े रहो, हिलना नक्को." सव्वीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला हे ऐकायला लागलं. पण मी उभा राहिलो. दोन रविवार मी नुसतं दार राखलं. आता त्या पोरांमध्ये माझं नाव चाचा दरवाजा आहे आणि परवा त्यांनी मला स्वतःहून बोलावलं. तिसऱ्या रविवारी मी कांस्यमधून रौप्यमध्ये गेलो. हे मी तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं. दळण आणा."

पण मोनिका, एक गोष्ट बघून मी चाट पडलो. त्या खेळात वर कोपऱ्यात घड्याळ उलटं धावतं. एका बाजूला त्यांचा आकडा, दुसऱ्या बाजूला आपला. डाव संपला की बोर्ड येतो, कुणी किती केलं, कुणामुळे नुकसान झालं, सगळ्यांची नावं वरपासून खालपर्यंत. मी खुर्चीत ताठ बसलो. हा तर आमचा बोर्ड. आमच्याकडे प्रत्येकाच्या फोटोखाली गोल असतो, काम येईल तसा पाव-पाव भरत जातो. तुमच्याकडे तारे. तुमच्यात आठ दिवस खेळलं नाही तर रँक उतरते. सोमनाथ बहिणीच्या लग्नाला सहा दिवस रजेवर गेला, परत आला तर त्याचा गोल पावाने कमी केलेला. मी तुला सारखं म्हणायचो की तुम्ही पोरं खेळात पळून जाता. तू पळून कुठे गेली होतीस. तू तर आमच्याच कारखान्यात शिरली होतीस, फक्त तिथे हूटर नव्हता.

तरी स्लिपचं राहिलंच. नीट ही सबब असेल तर खरं कारण शिस्त. मी घरी आल्यावर सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं हा नियम होता. मी तीनदा हाक मारली. तू मागे वळलीसुद्धा नाहीस. पाठमोरी राहून तळहात वर केलास आणि म्हणालीस, "पप्पा, दोन मिनिटं थांबा." बापाला असा हात दाखवतात का? त्या दिवशी सगळ्यात चांगल्या लाईनला मिळणारी महिन्याची ढाल लाईन दोनकडे गेली होती, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

लाईन चार, आज दोनशे चाळीस दिवस.

तुझे पप्पा


वडगाव कोल्हाटी
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

चि. मोनिका,

आई म्हणाली, तू पत्र वाचलंस आणि चाचा दरवाजावर लई हसलीस. पुढे म्हणाली, "पण शिस्त हीबी सबब आहे म्हणते." त्यातलं मी फक्त पहिलं वाक्य धरून ठेवलं आहे.

दिवाळीचं फराळाचं पार्सल सोबत पाठवतोय. चकल्या तुटल्या असतील, त्याची स्लिप कुरिअरवाल्याने भरावी. आबा विचारतात, मोनी कधी येणार. ते आता पंच्याऐंशीचे झाले. त्यांना मी सांगितलं की ती मोठ्या टीममध्ये आहे, पाच पोरी एका घरात राहतात, सकाळी व्यायाम, दुपारी सराव, संध्याकाळी जुने सामने बघून चुका काढायच्या. ते म्हणाले, "म्हंजी तालीमच की. मग ही खुराक बरा खाती ना?" खुराक बरा खा.

सोमनाथने मला तुझे जुने सामने कुठे बघायचे ते दाखवलं. मी आता सगळे बघितलेत, एकोणतीसच्या एकोणतीस. सुरुवातीला मला तू सापडेनास, कारण मी सगळ्यात जास्त मारणारी कोण ते शोधत होतो. मग कळलं की तू ती नाहीस. तू हाका देणारी. कुणी कुठे जायचं, कधी थांबायचं, कधी निघायचं, हे तू सांगतेस आणि चौघी तसं करतात. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत. जुलैच्या एका सामन्यात तुमचा पहिला डाव वाईट गेला. एक पोरगी माझं चुकलं, माझं चुकलं म्हणत राहिली. तेव्हा तू एकदम मराठीत म्हणालीस, "गेला तो नग गेला. पुढचा बघा."

मी सामना थांबवला. परत ऐकला. आईला हाक मारली, आबांना बाहेरच्या खोलीतून आणलं, तिघांनी ऐकला.

हे माझं वाक्य आहे. लाईनवर कुणाचा एक ब्रेक बिघडला की पुढचे चार बिघडतात, कारण हात पुढे चालत असतो आणि डोकं मागच्यात अडकलेलं असतं. तेव्हा मी लाईनच्या टोकाला उभा राहून हे ओरडतो. तू लहानपणी कंपनीच्या फॅमिली डेला आलीस तेव्हा ऐकलं असशील. आणि पुढच्या सामन्यात तुझ्या टीममधल्या त्या दुसऱ्या पोरीने, जी मराठी नाही, तिने तेच म्हटलं, "गेला तो नग." तिला अर्थही माहीत नसेल. माझ्या लाईनची भाषा हैदराबादेत पाच पोरींच्या तोंडी आहे. मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात छाती काढून चाललो. लाईनवरच्या भागूबाईंनी विचारलं, "काय भाऊ, बढती झाली का?" म्हटलं, त्याहून मोठं झालंय.

मीही तुमच्याकडून एक गोष्ट उचलली. तुमच्या बोर्डावर एक रकाना असतो, मदत. स्वतः काही न मिळवता दुसऱ्याला किती हात दिला, तेही मोजतात. आमच्या बोर्डावर नव्हता. मी लाईन चारच्या फळ्यावर खडूने आखला. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त खुणा भागूबाईंच्या नावापुढे आल्या, ज्यांचं नाव एरवी कधी बोर्डाच्या वरच्या अर्ध्यात येत नाही. त्या फळ्यासमोर जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. आता लाईन दोनवालेही तो रकाना आखायला लागलेत.

दार राखताना माझ्या लक्षात एक आलं. एवढ्या डावांत मी दीडशे वेळा तरी हरलो असेन, पण एकदाही मध्येच वीज गेली नाही. हरलो ते शेवटपर्यंत खेळून हरलो. अजून एक लिहायचं होतं, त्या मधल्या तीन महिन्यांबद्दल. पण कागद संपत आला आणि आई कंदील लावायला बोलावते आहे.

दोनशे ब्याऐंशी दिवस.

तुझे पप्पा


वडगाव कोल्हाटी
रविवार, १४ डिसेंबर २०२५

मोनिका,

काल लाईन चार सहा मिनिटं बंद होती. मी थांबवली.

तुझी फायनल साडेबाराला आहे हे सोमनाथने आठवडाभर आधी कारखानाभर करून ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाईल कॅन्टीनच्या टीव्हीला जोडला. आधी दहा-बाराजण होते. मग कुणीतरी म्हणालं, "ही सुदर्शनभाऊंची पोरगी," तशी ताटं उचलून माणसं जवळ आली. भागूबाईंनी मला विचारलं, "यातली आपली कोणती?" म्हटलं, दिसत नाही तेवढी, ऐकू येते ती. त्यांनी थोडा वेळ कान दिला आणि म्हणाल्या, "व्हय, कळलं. तुमच्यावानीच वरडती."

पहिला डाव तुम्ही घेतला, दुसरा गेला. तिसरा सुरू झाला तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. आमची सुट्टी एकला संपते आणि पट्टा आपोआप सुरू होतो. हूटर झाला तेव्हा तुमच्या तिघी उरल्या होत्या, त्यांच्या तिघी, आणि घड्याळ उलटं धावत होतं. बाकी लाईनची माणसं टीव्हीकडे मागे वळून बघत निघून गेली. लाईन चारची अकरा माणसं जागेवर उभी राहिली. ती टीव्हीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "पाटीला अठ्ठावीस दिवस राहिलेत. ती तुम्हा सगळ्यांची आहे. तुम्ही चला म्हणालात तर चला."

भागूबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "पाटी काय, परत लागंल. पोरगी रोज फायनल खेळती का?"

मी धावत गेलो आणि दोरी ओढली. लीडर झाल्यापासून ती दोरी मी स्वतःच्या हाताने कधीच ओढली नव्हती. परत कॅन्टीनला आलो तर माझ्या मागोमाग ऋतुराज साहेब आले, आमचे प्रॉडक्शन इंजिनिअर, वय एकोणतीस. "सुदर्शनराव, चार नंबर का उभी आहे?" मी टीव्हीकडे बोट केलं. "माझ्या मुलीची मॅच आहे." ते बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मशीन गरम झालं असं लिहा. मशीनचा थांबा लाईनवर धरत नाहीत. मी खाली सही करतो. पाटी वाचेल."

माणूस वाईट नाही. माझं भलंच बघत होता. मी स्लिपचं पॅड काढलं आणि त्यांच्यासमोर लिहिलं. वेळ १.००, बंद किती मिनिटं ते नंतर भरलं, कारण: मुलीची फायनल शेवटपर्यंत बघायची होती. खाली सही. ते म्हणाले, "मेमो निघेल." म्हटलं, निघू द्या.

तुम्ही हरलात. शेवटी तू एकटी उरलीस, त्यांच्या दोघी, आणि चार सेकंद कमी पडले. मग पडद्यावर तू दिसलीस. पहिल्यांदाच तोंड दिसलं, बारीक झालीस. तू हेडफोन काढलास, उठलीस, पलीकडच्या पाचही जणींशी हात मिळवलास. तुमच्यातली एक पोरगी रडत होती, तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोललीस. आवाज नव्हता. पण तुझे ओठ हलले ते मला वाचता आले. भागूबाईंनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. मी वाजवली नाही, मला चष्मा पुसायचा होता.

नऊ ब्रेक कमी निघाले. संध्याकाळी गेटजवळच्या फळ्यावर लाईन चारपुढे तीनशे सदतीसच्या जागी शून्य लिहिलं होतं. मेमो हातात देताना क्लार्कने विचारलं, उत्तरात काय लिहू? म्हटलं, जे स्लिपवर आहे तेच. ती शून्याची पाटी बघून मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पितळेच्या पाटीचा वाटला असता की नाही, मला शंका आहे. लाईनवरची अकरा माणसं सुटताना दहा जानेवारीऐवजी कोणती तारीख धरायची याचा हिशेब करत होती. एकानेही तोंड वाकडं केलं नाही.

आता मधल्या तीन महिन्यांचं.

२५ फेब्रुवारी २०२३ ला दुपारी मीटिंग होती. ढाल लाईन दोनकडे गेली होती, तेही सलग तिसऱ्यांदा. ऋतुराज साहेब तेव्हा नवीन होते. मी काहीतरी सांगायला उठलो. त्यांनी लॅपटॉपवरून मान वर न करता तळहात दाखवला आणि म्हणाले, "दोन मिनिटं थांबा." मी थांबलो. दोन मिनिटांनी त्यांनी सांगितलं की लाईन चार दुसऱ्याकडे देतोय, मी रिवर्कच्या टेबलावर बसायचं, बिघडलेले ब्रेक उघडून दुरुस्त करायचे. बाराजणांसमोर. फळ्यावरचं माझं नाव माझ्या देखत पुसलं. पुढचे तीन महिने मी त्या टेबलावर बसलो. आईला सांगितलं नाही, आबांना नाही, तुला नाही. रोज डबा घेऊन लीडरसारखाच निघायचो.

त्या संध्याकाळी घरी आलो. तुला हाक मारली. तू तळहात वर केलास, तसाच. आणि तुझ्या पडद्यावर बोर्ड होता. सगळं हिरवं. सगळ्यात वर तुझं नाव.

मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण बोर्ड कळतो. माझी पोरगी पहिली होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी पेढे आणले असते.

काल तू हजारो लोकांसमोर हरलीस आणि जाऊन हात मिळवलास. मी बाराजणांसमोर हरलो आणि घरी येऊन मेन स्विच ओढला. त्या दिवशी तुम्ही जिंकला असतात की हरला असतात हे कुणालाच कधी कळणार नाही, कारण तुला धड हरूही दिलं नाही मी. तू माझ्याकडून एक वाक्य शिकलीस आणि ते माझ्यापेक्षा बरं पाळतेस.

आज सकाळी नाश्त्याच्या वेळी हे मी आईला आणि आबांना सांगितलं. आईने चहा पुढे सरकवला आणि म्हणाली, "तीन महिने डब्यात भाजी उरत व्हती. मला काय कळलं नाय व्हय?" आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा होता, आणि मला तो चालला.

फ्रिजवरून तुझी स्लिप काढली. अडीच वर्षांत रंग उडून ती गुलाबी झाली आहे. खाली कार्बन ठेवून दोन्ही रकाने भरले. मूळ प्रत या पत्रासोबत आहे, कारण काम तुझं अडलं होतं. कार्बन प्रत त्याच जागी फ्रिजवर लावली आहे. संक्रांतीला पाहुणे येतील, त्यांनी वाचली तर वाचू दे.

तू बोलावंस म्हणून भरलेली नाही. भरायची होती म्हणून भरली.

दिनांक: २५ फेब्रुवारी २०२३
वेळ: सायंकाळी ७.४०
बंद: ११ मिनिटं
कारण: मी हरून आलो होतो. घरात पोरगी जिंकत होती. ते मला बघवलं नाही.
सही: सुदर्शन कडूबा गाडेकर, मोनिकाचे वडील